पाणी कुठल्या दिशेला चाललंय

जुलै लागला की कोल्हापुरात कुणी ‘काय चाललंय’ असं विचारत नाही. ‘किती झालं?’ एवढंच. किती म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली ते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. तासातासाला फूट-इंचाचे मेसेज फिरतात. व्हीनस कॉर्नरचा दुकानदार त्या आकड्यावरून खालच्या फळीवरचा माल वर हलवायचा का ते ठरवतो, चिखलीतला माणूस जनावरं कधी बाहेर काढायची ते. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर भिंतीवर खुणा करून इंचाइंचाचा हिशेब ठेवणारी घरं मी बघितलीत.

याच माणसांना विचारा, तुमच्या विहिरीला आज पाणी किती खोलावर आहे? ‘हाय की भरपूर’ किंवा ‘तळाला गेलंय’. तिसरं उत्तर मला फारसं मिळालेलं नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून हे काम करते. ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा घेतली जाते आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून टंचाईचा अंदाज बांधला जातो. पण ती पातळी बातमीत येते ती टंचाईच्या यादीतून, गावाच्या नावापुरती. आपल्या बांधावरच्या विहिरीचा आकडा आपल्याकडे नसतो.

माझं पोट त्या आकड्यावर चालतं. जिथं जमिनीत नको ते काही मुरलं असावं असा संशय आहे, तिथं पाइप घालायचे, खालच्या पाण्याची पातळी मोजायची, नमुने काढायचे, प्रयोगशाळेला पाठवायचे आणि आलेल्या आकड्यांचा अर्थ लावायचा. लोकांना वाटतं हे काम बाटल्यांचं आहे. बाटली हा त्यातला शेवटचा अर्धा तास.

ज्या जागेबद्दल लिहितेय तिचं नाव सांगत नाही. शहराबाहेरचा माळ, माळावर दगड काढून सोडून दिलेली एक खण, आणि त्या खणीत वर्षानुवर्षं आणून टाकलेली फौंड्रीची काळी वाळू. कडेला एक शेड आहे, तिथं पूर्वी प्लेटिंग, म्हणजे धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा द्यायचं काम, चालायचं. आता पत्रे गंजलेत, आत एरंड माजलाय. माळ जिथं उतरतो तिथून उसाची रानं सुरू होतात आणि त्यांच्या पलीकडे ओढा, तो पुढं नदीला मिळतो.

कोल्हापूरच्या फौंड्रीबद्दल वाईट बोलणं माझ्या जिवावर येतं. शेतीच्या ऑइल इंजिनांवर उद्यमनगर उभं राहिलं, पुढं शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती वाढल्या. विहिरीचं पाणी वर काढायला ज्या इंजिनानं मदत केली, त्याचे भाग ओतून उरलेली वाळू आज विहिरीच्या डोक्यावर पडलीय, हा काही कुणी रचलेला डाव नाही. वाळू टाकायला जागा लागते, खण रिकामी असते, डंपरवाला फेरीचे पैसे घेतो. झालं.

त्या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते, कोळशाची पूड असते, आणि शेल मोल्डिंगची असेल, म्हणजे वाळू रेझिननं घट्ट करून साचे केले असतील, तर फिनॉलचं रेझिन. प्लेटिंगच्या शेडमधून भीती असते ती निकेलची आणि क्रोमियमची. क्रोमियमची दोन रूपं जमिनीत वेगळी वागतात. तीन संयुजेचं बहुतेक मातीला चिकटून बसतं, सहा संयुजेचं पाण्याबरोबर सुटतं आणि तेच जास्त विषारी. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, एकूण क्रोमियमला लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमची मर्यादा घालतं. ही मर्यादा किती बारीक, तर एक ग्रॅम क्रोमियम वीस हजार लिटर पाण्याला त्या रेषेपर्यंत नेऊ शकतं. दहा हजारी टँकर असतील तर दोन. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा कारखाना १९९५ ला बंद पडला, कचऱ्याचा ढीग मागेच राहिला आणि त्याखालच्या पाण्याची चर्चा त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिली. कारखाना बंद होण्याचा आणि पाणी शांत होण्याचा काही संबंध नसतो.

आमच्या माळाखाली काळा दगड आहे. वर हातभर माती, मग मुरूम, मग फुटका दगड, मग कठीण पाषाण, मधेच कुठं तांबड्या मातीचा थर. पाणी राहतं मुरमात आणि फटींत. मुरमातून ते किती वेगानं सरकतं याचा ढोबळ हिशेब मी लोकांना सांगते. खडक दिवसाला एक मीटर पाणी सोडणारा, पाण्याचा उतार शंभराला एक आणि पोकळी पाच टक्के धरली, तर पाणी दिवसाला वीस सेंटिमीटर सरकतं, वर्षाला सत्तरेक मीटर. म्हणजे खणीपासून दोन-तीन रानं लांब आज काही पोचलं, तर ते आज टाकलेलं नसतं. फट लागली तर मात्र हा सगळा हिशेब कोलमडतो. फटीतलं पाणी कुणाच्या सूत्राला बांधलेलं नाही.

म्हणून पाइप कुठं घालायचे यावर आम्ही फार भांडतो. एक खणीच्या वरच्या अंगाला, जिथं खणीतलं काही पोचायचं कारण नाही. त्याच्यावरून कळतं की मुळातलं पाणी कसं आहे. दोन खालच्या अंगाला. कमीत कमी तीन हवेत, कारण तीन ठिकाणच्या पातळ्या एकाच आधाररेषेवर आणल्या की कागदावर त्रिकोण काढून पाणी कुठल्या दिशेला उतरतंय ते सांगता येतं. दोघांवरून येत नाही. चौथा आम्ही नंतर ओढ्याजवळ घातला, त्याची हकिगत पुढं येईल.

पाइप दोन इंची पीव्हीसीचा, खालच्या भागाला बारीक फटी, भोवती गारेची भर, वर बेंटोनाइटची बुची म्हणजे पावसाचं पाणी पाइपाच्या अंगानं खाली उतरू नये. वर कुलुपाची लोखंडी टोपी. टोपी उघडताना हात लांब ठेवायचा. गांधीलमाश्यांना ती जागा फार आवडते.

पाइपाच्या काठावर उत्तरेच्या बाजूला करवतीनं एक खाच पाडलेली असते. दरवेळी त्या खाचेपासूनच मोजायचं. टेप सोडायचा, टोकाला पाणी लागलं की रिळातून ‘पीं’ आवाज येतो. एकदा आवाज आला म्हणून आकडा लिहायचा नाही. टेप बोटभर वर घ्यायचा, आवाज थांबतो, पुन्हा खाली, पुन्हा आवाज. पाइपाच्या आतल्या बाजूला थेंब चिकटलेले असतात, त्यांनाही टेपाचं टोक लागतं आणि ते खोटं ओरडतं. दोन-तीनदा तोच आकडा आला की लिहायचा, मिलिमीटरापर्यंत. वेळही लिहायची. आणि शेजारच्या मळ्यात मोटर चालू आहे का बंद, हेही. त्या रकान्याला आमच्या छापील फॉर्मवर जागा नव्हती, मी पेनानं आखून घेतला.

मग पाणी उपसायचं. पाइपात उभं राहिलेलं पाणी शिळं असतं. हवेला लागून त्याचा प्राणवायू बदलतो, उडून जाणारी रसायनं उडतात, लोखंड खाली बसतं. ते जमिनीतलं पाणी नव्हेच. जुनी रीत अशी की पाइपातल्या पाण्याच्या तिप्पट पाणी काढून टाकायचं आणि मग येईल त्याचा नमुना घ्यायचा. दोन इंची पाइपात मीटरला साधारण दोन लिटर बसतं. नऊ मीटर उभं पाणी असेल तर अठरा लिटर, तिप्पट चोपन्न. नवी रीत हळू उपशाची. मिनिटाला शंभर ते पाचशे मिलिलिटर, पातळी दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली जाऊ द्यायची नाही, साय न मोडता खालचं दूध काढावं तसं. दर चार-पाच मिनिटांनी मीटर बघत बसायचं. सामू ०.१ च्या आत, विद्युतवाहकता तीन टक्क्यांच्या आत, प्राणवायू आणि गढूळपणा दहा टक्क्यांच्या आत, असे लागोपाठ तीन वेळा आकडे जुळले की समजायचं, आता जमिनीतलं पाणी येतंय.

या बसण्याच्या वेळात गाव तुमच्याकडे येतं. खालच्या अंगाच्या उसाचे मालक, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते पाचट तुडवत यायचे आणि बांधावर उकिडवे बसायचे. उपसलेलं पाणी आम्ही ड्रममध्ये भरतो, तिथं ओतत नाही. आप्पांना ते बघवेना.

“काय वो ताई, एवढं पाणी ड्रमात भरून परत घिऊन चाललाय? उसाला सोडा की.”

“संशय असलेलं पाणी आहे आप्पा. रानात सोडायचं नसतं.”

“आवो, त्याच रानातलं पाणी, त्याच रानात. माझी मोटर तर रोज आठ तास त्येच वढून वतत्या. त्येला न्हाई संशय?”

खरं सांगायचं तर यावर बिनतोड उत्तर नव्हतं. कार्यपद्धतीच्या पुस्तकात चोपन्न लिटरांची काळजी घेतलेली आहे, आप्पांच्या साडेसात हॉर्सपॉवरची नाही.

पण त्या बोलण्यातूनच पुढचा धागा मिळाला. शेतीची थ्री फेज लाईट आठवड्याच्या पाळीनं येते, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. आमच्या सुरुवातीच्या फेऱ्या नेमक्या रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात पडल्या होत्या. दिवसा मोटर बंद, विहीर भरून आलेली, पातळ्या शांत. पाण्याचा उतार नकाशावर ओढ्याच्या दिशेनं सरळ दिसायचा. एकदा दिवसाच्या लाईटचा आठवडा आला, आप्पांची मोटर पहाटेपासून चालू होती, आणि खालच्या एका पाइपातली पातळी तासातासाला उतरताना दिसली. ओढ्याकडे जाणारा बाण वळून आप्पांच्या विहिरीकडे झाला. खणीतून काही निघत असलंच, तर ते ओढ्याला जायच्या ऐवजी ऊस भिजवायला निघालं होतं, आणि त्याला वाट दाखवत होती ती मोटर.

ही गोष्ट कुठल्याच बाटलीत सापडली नसती. बाटली सांगते इथं, आत्ता, एवढं आहे. कुठून आलं, कुठं निघालंय, हे पातळी सांगते. आमच्या क्षेत्रात प्रयोगशाळेच्या बिलावर लाख खर्च होतात आणि टेप सोडायला चांगला माणूस ठेवताना हात आखडतो, याचा मला राग येतो. शिकाऊ पोरांना पहिलं काम देतात ते पातळीचं, कारण ते ‘सोपं’. मी उलटं करीन. बाटल्या त्यांना द्याव्यात, टेप जाणत्या माणसाच्या हातात.

बाटल्यांचंही सांगते थोडं. उडून जाणाऱ्या रसायनांची छोटी कुपी आधी. प्लेटिंगच्या आधी धातूवरचं ग्रीस धुवायला ट्रायक्लोरोइथिलीन वापरतात. ते पाण्यापेक्षा जड, तळाला जाऊन बसतं आणि वर आणलं की उडतं. कुपी काठोकाठ भरून झाकण लावायचं, उलटी करून बोटानं टिचकी मारायची, बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद. धातूंचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून नायट्रिक आम्लात. पण सहा संयुजेच्या क्रोमियमच्या बाटलीत आम्ल चालत नाही, त्यानं त्याचं रूपच बदलतं. ती नुसती बर्फात ठेवायची आणि चोवीस तासांच्या आत तपासायची. आमची प्रयोगशाळा पुण्यात. हायवेवर कुठं काम चालू आहे, कुठं गाडी अडेल, हे मला ड्रायव्हरइतकं ठाऊक आहे ते या एका बाटलीमुळे.

स्वच्छ पाइपापासून संशयित पाइपाकडे जायचं, उलटं कधीच नाही. दरवेळी हातमोजे नवे. एका बाटलीत घरूनच डिस्टिल्ड वॉटर भरून न्यायचं, रानात नेऊन तसंच परत पाठवायचं. त्यात काही सापडलं तर ते आमच्या गाडीतलं किंवा आमच्या हातचं. आणि एका पाइपाचा नमुना दोनदा काढून दुसऱ्याला भलतंच नाव द्यायचं, प्रयोगशाळेला न सांगता. दोन आकडे जुळले तर विश्वास ठेवायचा. आमच्या कागदांवर एक विहीर अशी आहे की जी अस्तित्वातच नाही, आणि तिचा अहवाल दरवेळी येतो.

आप्पांच्या उघड्या विहिरीचा नमुना ही निराळी कटकट. सहा मीटर व्यासाची विहीर, चार मीटर पाणी धरलं तरी लाखभर लिटर झाले. तिप्पट उपसा कोण करणार? तिथं मोटर तासभर चालू राहिल्यावर पाइपाच्या तोंडाशी धरायचं. म्हणजे लाईट असेल तेव्हा. रात्री दीडला बॅटरी तोंडात धरून लेबल लिहिलीत मी. आणि त्या विहिरीत सगळ्या थरांचं पाणी मिसळलेलं असतं, त्यामुळे तिथलं ‘ठीक आहे’ हे पाइपातल्या ‘ठीक आहे’पेक्षा कच्चं.

अहवाल आला की सगळ्यांना एकच हवं असतं, पाणी चांगलं की वाईट. फिनॉलसमोर ‘बीडीएल’ लिहून येतं, म्हणजे मोजता येण्याच्या खाली. माणसं ते शून्य म्हणून वाचतात. मानक आहे ०.००१ मिलिग्रॅम. यंत्राची पोच ०.०१ पर्यंतच असेल, तर त्या अहवालातून एवढंच कळतं की मानकाच्या दहापटीपेक्षा कमी आहे. मी आता नमुने पाठवायच्या आधीच लिहून घेते, तुमचं यंत्र कुठपर्यंत बघू शकतं. त्यावरून एकदा वादही झाला. होऊ दे.

दुसरीकडे, आप्पांच्या विहिरीत नायट्रेट मानकातल्या ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तेव्हा वाडीतले सगळे म्हणाले, बघा, खणीचंच. पण खणीच्या वरच्या पाइपातही ते होतं, आणि वरच्या पाइपाच्याही वर ऊसच आहे. पोत्यानं पडणारा युरिया कुठंतरी उतरणारच. हे सांगितलं तेव्हा बांधावर एकदम शांतता झाली. आप्पा म्हणाले, “म्हंजे आमीच चोर व्हय?” मी म्हटलं, नायट्रेटपुरते. क्रोमियमचं अजून ठरायचंय. ते हसले, पण दुसऱ्या दिवशी चहा आला नाही. प्यायला त्यांच्या घरी नळाचं पाणी आहे, विहिरीचं फक्त जनावरांना आणि रानाला. लहान बाळ असलेल्या घरात मात्र ते पाणी कशालाही वापरू नका, हे मी पुन्हा जाऊन त्यांच्या सुनेला सांगून आले.

आता त्या चौथ्या पाइपाबद्दल. ओढ्याजवळच्या जागेवर आम्हाला भरवसा नव्हता. उन्हाळ्यात तिथं जमिनीतलं पाणी ओढ्याला पाझरतं. पण पंचगंगा चढली की तिचा फुगवटा ओढ्यातून मागं येतो, ओढ्याची पातळी जमिनीतल्या पाण्याच्या वर जाते आणि पाणी उलटं रानात शिरायला लागतं. अशा वेळी त्या पाइपातून काढलेला नमुना बहुतांशी नदीचा. स्वच्छ येतो, आणि त्या स्वच्छपणाचा खणीशी काही संबंध नसतो. पाऊस संपल्यावर खालच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पुन्हा तेच, थेंब पाऊस नसताना पाइपातली पातळी हळूहळू वर. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर महाराष्ट्रभर लिहून आलंय, त्यांच्या काठच्या पाण्याची दिशा कशी फिरते हे आम्ही या पाइपात बघितलं. बरगे घालायची तारीख मी आता पातळीच्या वहीत लिहिते.

हे सगळं मांडल्यावर जागेच्या मालकांकडून प्रस्ताव आला, वर्षातून दोन फेऱ्या पुरेत, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. एकात नदीचं पाणी मिसळलेलं, दुसऱ्यात बरग्यांचा फुगवटा. मुद्दाम निवडलेत असं मी म्हणत नाही. मे महिन्यात माळावर उन्हात कुणाला जायचंय, आणि नोव्हेंबरात रस्ता चांगला असतो. मी उलट लिहून दिलंय की मे हवाच, तेव्हा पाणी सगळ्यांत कमी आणि आप्पांची मोटर सगळ्यांत जास्त चालते. आणि दुसरी फेरी पहिल्या मोठ्या पावसानंतर, नदी फुगायच्या आधी, जेव्हा जमिनीतलं पाणी चढून खणीतल्या वाळूच्या तळाला टेकतं आणि आतापर्यंत कोरडं राहिलेलं जे काही असेल ते धुवायला लागतं. ते पंधरा दिवस दरवर्षी वेगळे येतात, कॅलेंडरवर आधी छापता येत नाहीत. पातळीच्या वहीवरून मात्र ओळखता येतात. पत्राला उत्तर अजून आलेलं नाही. नमुन्यांना मंजुरी लागते, टेप सोडायला लागत नाही. किल्ली माझ्याकडेच आहे.